उचलणाऱ्या टेबलाचा सूड

मी टेबल बोलतोय. जेवायचं नव्हे, लिहायचंही नव्हे. प्राण्यांच्या दवाखान्यात कुत्री, शेळ्या, कधी एखादं वासरू ज्याच्यावर उभं करतात, ते टेबल. मला वर-खाली होता येतं आणि मला राग धरता येतो. बाकीच्या वस्तू आपली कहाणी सांगताना शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म एका वेल्डिंगच्या शेडमध्ये झाला. मला घडवणारा मिस्त्री स्वतः कमरेतून मोडलेला होता. तरुणपणी त्यानं घोड्यांना नाल ठोकले होते. घोड्याचा पाय मांडीवर घ्यायचा आणि दिवसभर वाकून राहायचं, हे त्याचं काम. त्यामुळे असेल, त्यानं माझ्यात जीव ओतला. तळाला चाकं, त्यावर कात्रीसारखे दुमडणारे पाय, पोटात तेलाचा जॅक, बाजूला पायानं दाबायचं पायडल, वर न घसरणारी रबराची चटई. पूर्ण खाली बसलो की जमिनीपासून वीतभर, पूर्ण उभा राहिलो की माणसाच्या छातीला. तळापासून कमरेपर्यंत यायला पायडलाचे बरोबर बावीस दाब लागतात.

शेवटचा बोल्ट त्यानं जमिनीवर आडवं पडून आवळला, कारण त्याला वाकता येत नव्हतं. मग माझ्यावर थाप मारून म्हणाला, "जनावरासाठी माणसानं वाकायचं नाही. वाकायचं ते तू." मी त्याच क्षणी मनाशी गाठ बांधली.

मला विकत घेतलं एका प्राण्यांच्या डॉक्टरनं. त्याला मी अहो-जाहो करणार नाही. गावात दुसऱ्या दोन डॉक्टरांनी असं टेबल घेतलं, म्हणून यानंही घेतलं. माणसं निम्म्या वस्तू अशाच घेतात आणि मग त्या वस्तूंवरच डाफरतात.

दवाखाना दोन खोल्यांचा. शेजारी टायरचं दुकान, समोर बाक, बाकावर आपापली मांजरं-कुत्री घेऊन बसलेली माणसं. डॉक्टरच्या हाताखाली एकच बाई होती. सगळे तिला ताई म्हणत. ती याच्या वडलांच्या, म्हणजे थोरल्या डॉक्टरांच्या वेळेपासून तिथे काम करत होती. प्राणी धरायचा, उचलायचा, त्याला बोलत ठेवायचा, हे सगळं तिच्याकडे. मला पाहून ती लहान मुलीसारखी हरखली. पहिल्याच दिवशी तिनं रिकाम्या मला चार वेळा वर-खाली केलं आणि म्हणाली, "अगं बाई, हे तर स्वतःच उचलतंय!"

आठ दिवस माझे सुखात गेले. मग ढोल्या आला.

ढोल्या हा गावातल्या मास्तरीणबाईंचा कुत्रा. वजन साठ किलो, स्वभाव गायीचा. त्या दिवशी बाकावर गर्दी होती आणि डॉक्टरच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. मला खाली आणायचं सोडून तो वाकला, ढोल्याच्या छातीखाली दोन्ही हात घातले, मागची बाजू ताईनं धरली, आणि "एक, दोन, हं!" करून दोघांनी ते धूड वर घेतलं.

"डॉक्टर, काय ताकद हो तुमची!" मास्तरीणबाई म्हणाल्या. कुणीतरी फोटो काढला.

माझा घात त्या कौतुकानं केला. त्यानंतर मोठा कुत्रा आला की डॉक्टरची उचल ठरलेली. लोक बाकावरून उठून बघायला यायचे. फोटो चौकटीत घालून भिंतीवर लावला. त्यात डॉक्टर हसतोय, ढोल्या हवेत आहे, आणि ढोल्याच्या मागच्या पायांखाली दोन हात दिसतात. हातांची मालकीण फोटोच्या बाहेर कापली गेली होती. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

माझ्या जागी साधं लाकडी टेबल आलं आणि माझी रवानगी मागच्या खोलीत झाली. एकदा झाडताना कुणीतरी मला पार वरपर्यंत चढवलं आणि तसंच ठेवलं. खाली यायची कळ भिंतीच्या बाजूला गेली. मग पुढचा शहाणपणा ऐका. मी छातीच्या उंचीला, वर सपाट, म्हणून यांनी माझी मांडणी केली. कुत्र्यांच्या खाण्याची वीस-वीस किलोंची पोती माझ्यावर रचायला लागले. माणसाला उचलावं लागू नये म्हणून जन्माला आलेलं टेबल मी, आणि माझ्यावर पोतं ठेवायला ताईला ते छातीपर्यंत उचलावं लागायचं. हा मूर्खपणा दोन वर्षं चालला आणि त्याबद्दल एकाही माणसाला हसू आलं नाही.

दुपारी काम थंडावलं की ताई मागे यायची आणि माझ्या गार कडेला पाठ टेकून उभी राहायची. माझ्या अंगातून मला तिचे मणके कळायचे. डाव्या बाजूला खाली एक जागा होती, तिथे ती दाबून धरायची आणि डोळे मिटायची. घरी तिची म्हातारी सासू अंथरुणाला खिळलेली, तिलाही हीच उठवायची-बसवायची. बोलून दाखवायची नाही, पण "आई गं" हा शब्द मी दिवसाला सात-आठ वेळा तरी ऐकायचो.

शेवटी एकदा तिनं विषय काढला.

"डॉक्टर, मागचं ते टेबल बाहेर काढू या का? ढोल्या आता माझ्यानं उचलवत नाही."

"अहो ताई, ते टेबल खाली येऊन वर जाईपर्यंत ढोल्या घरी जाऊन झोपेल. आमच्या वडलांनी बैल आडवे केले नुसत्या हातांनी. कमरेला कधी पट्टा बांधला का त्यांनी?"

ताई काहीतरी बोलणार होती. ओठापर्यंत आलेलं तिनं गिळलं आणि पुढच्या खोलीत गेली. काय गिळलं ते मला पुढे कळलं.

दोन आठवड्यांनी व्हायचं ते झालं. ढोल्याला अर्ध्या उंचीवर धरलेलं असताना शेजारच्या दुकानात टायर फुटलं. ढोल्यानं अंग झटकलं, सगळा भार ताईकडे गेला, आणि त्याला पडू द्यायचं नाही म्हणून ती जागच्या जागी कमरेतून वळली. मागच्या खोलीत बसून मला दिसलं काहीच नाही. फक्त तिचा आवाज ऐकू आला, आणि तो "आई गं" नव्हता.

महिनाभर ती घरी पडून होती. परत आली ती पट्टा बांधून, एकेक पाऊल जपून टाकत. डॉक्टर तिला मागच्या खोलीत घेऊन आला. माझ्यावरच कोपर टेकवून, आवाज मऊ करून म्हणाला, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. पण इथे उचलणारं माणूस लागतं. ह्या महिन्याअखेरीपर्यंत बघू. नाही जमलं तर मला दुसरं कुणीतरी दणकट बघायला हवं."

"बरं," ताई म्हणाली.

एवढंच! बावीस वर्षं काम केलेल्या बाईला हा माझ्यावर कोपर टेकवून घरी जायला सांगत होता. त्या घरात तिच्या पगारावर चूल पेटत होती. त्या दिवशी मी शपथ घेतली की ह्या माणसाला मी आडवा बघणार.

आता टेबलाला दात नसतात, नखं नसतात. पण माझ्या पोटात तेल होतं. दोन वर्षांच्या भारानं जॅकचं रबर चिरलं होतंच, मी ते आणखी सैल सोडलं. थेंब थेंब तेल जमिनीवर. डॉक्टर रोज सकाळी नवे बूट घालून तिथून हात धुवायला जायचा. एकदा सणकून पडावा, एवढीच माझी माफक इच्छा.

पण तेल पहिलं दिसलं ते ताईला. तिनं बसून, कण्हत, फडक्यानं ते पुसलं. मग माझ्याखाली बघून म्हणाली, "तुझंही दुखतंय का रे?"

मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याच्यावर डाव धरला तो कोरडा, आणि वाकावं लागलं तिलाच.

पण तेल गेल्यामुळे मी हातभर खाली बसलो होतो, आणि ते तिच्या ध्यानात आलं. तिनं पोती ओढून उतरवली, मला भिंतीपासून सरकवलं, कळ शोधली. चार दिवस जेवणाच्या सुट्टीत ती माझ्यापाशी खटपट करत होती. टायरवाल्याला बोलावून त्याच्याकडून जॅकचं रबर बदलून घेतलं, तेल भरलं. मी पुन्हा वर-खाली होऊ लागलो. तिनं हे डॉक्टरला सांगितलं नाही, आणि त्याला मागे डोकवायची सवय नव्हती.

महिन्याचा शेवटचा दिवस. बाकावर सहा माणसं, चार जनावरं. आणि ढोल्या, नखं कापायला.

"ताई, तुम्ही लांब राहा," डॉक्टर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मी एकटा पुरे आहे." लोक उठून उभे राहिले. ताईनं सरकवल्यापासून मी दारासमोर होतो, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. तो पाय जुळवून उभा राहिला, गुडघे ताठ, पाठीची कमान करून वाकला. मिस्त्रीनं बघितलं असतं तर शिवी दिली असती.

"एक, दोन..."

"हं" आलंच नाही. कमरेत लचक भरली आणि डॉक्टर आहे तसाच राहिला, ढोल्याच्या पोटाखाली हात, तोंड जमिनीकडे. ढोल्यानं त्याचा कान चाटला आणि शांतपणे बाजूला झाला. मग डॉक्टर हळूहळू गुडघ्यांवर आला, मग हातांवर.

"डॉक्टर, काही पडलं का तुमचं?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

माझ्या आयुष्यात मी इतका सुखी कधीच झालो नव्हतो. खोटं कशाला बोलू?

ताईनं मला बाहेर ढकलत आणलं. दोन वर्षांनी मी त्या खोलीत आलो. तिनं चाकांचे ब्रेक लावले, कळ फिरवली, मी वीतभर उंचीला बसलो. कुणी न सांगता ढोल्या चालत आला, माझ्यावर चढला आणि मांडी ठोकून बसला.

"उतर रे बाळा," ताई म्हणाली. "डॉक्टरांना चढू दे."

"मी? ह्याच्यावर?" डॉक्टरनं खालूनच विचारलं.

"ढोल्या चढला की. तुम्हाला काय होतंय?"

तो रांगत माझ्यावर आला आणि कुशीवर पडला. त्याचा घाम माझ्या रबराला लागला. आता माझ्या हातात सगळं होतं. नवं रबर एकदा सोडलं असतं तर हा दाणकन आदळला असता. मनात आलं, नाही कसं म्हणू? पण पायडलावर ताईचा पाय होता. मी पडलो असतो तर तिचं म्हणणं पडलं असतं. शिवाय पडणं क्षणात संपतं, आणि मला घाई नव्हती.

एक दाब. दोन दाब. तीन. बाकावरची माणसं श्वास रोखून बघत होती. मी मुद्दाम हळू चढलो. प्रत्येक दाबाला तो कण्हायचा, प्रत्येक दाबाला लोकांना तो थोडा जास्त दिसायचा. बावीस दाबांत मी कमरेच्या उंचीला आलो, आणि त्याचं तोंड बरोबर वर भिंतीवरच्या फोटोकडे झालं.

ताई त्याच्या पायांशी गेली. जराही न वाकता तिनं त्याच्या बुटांच्या नाड्या सोडल्या.

"थोरल्या डॉक्टरांच्या नाड्या शेवटची अकरा वर्षं मी बांधल्या," ती हळू आवाजात म्हणाली. "त्यांना खाली हात पुरत नव्हता. बैल आडवे करून करून. मुलाला सांगू नको म्हणाले होते, म्हणून नाही सांगितलं."

तोंड फिरवायला डॉक्टरला जागाच नव्हती, समोर फोटो होता. तो म्हणाला, "ताई, उद्या या."

"मी येणारच होते," ताई म्हणाली.

बाहेर गाडी आली. ताईनं मला गाडीच्या मागच्या फळीच्या उंचीला आणलं आणि चौघांनी त्याला नुसतं सरकवलं. कुणालाही काही उचलावं लागलं नाही.

ह्याला वर्ष झालं. आता माझी जागा दाराशी आहे, वीतभर उंचीवर. प्राणी स्वतः चढतात, जे चढत नाहीत त्यांना ताई फळी लावून देते. नवी मदतनीस आली आहे. तिला ताई पहिल्या दिवशी म्हणाली, "कमरेला पीळ द्यायचा नाही, पाय उचलून वळायचं. आणि उचलायची हौस असेल तर घरी जा." डॉक्टर परत आला, पट्टा बांधून. त्याला आता काही उचलता येत नाही. दर आठवड्याला तो मला तेल देतो. तरी त्याच्या पायाखाली माझं पायडल करकरतं, ताईच्या पायाखाली नाही. तो म्हणतो, काहीतरी बिघाड असेल.

बिघाड वगैरे काही नाही. ताई अजून दहा मिनिटांच्या वर बसू शकत नाही. दुपारी अजून माझ्या कडेला पाठ टेकते आणि डाव्या बाजूची ती जागा दाबते. मी साठ किलोचा कुत्रा उचलतो, पण तिच्या पाठीतून गेलेलं मला परत आणता येत नाही. म्हणून मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. तुमच्याही गोठ्यात, दवाखान्यात माझ्यासारखं कुणी अंगावर पोती घेऊन उभं असेल. त्याला बाहेर काढा. नाही काढलंत तरी ते थांबेल, लोखंडाला घाई नसते. तुमच्या कमरेचं मात्र मी सांगू शकत नाही.

परवा डॉक्टर भिंतीवरचा तो फोटो उतरवायला निघाला होता.

"राहू द्या," ताई म्हणाली. "त्यात माझे हात आहेत."

फोटो तिथेच आहे. तो रोज पुसायचं काम तिनं डॉक्टरकडे दिलं आहे. पुसायला हात वर करावा लागतो, आणि हात वर केला की त्याच्या कमरेत कळ जाते. मी खालून बघत असतो.