बाजूचं दार

आमच्या घराला पुढचं दार होतं, पण तिथून येणारा माणूस परका समजला जायचा. विमा विकणारे, मतं मागणारे, आई गेली तेव्हा शवपेटी उचलणारे. बाकी सगळी गल्ली बाजूच्या दाराने सरळ स्वयंपाकघरात यायची. कुणी ठोठावत नसे. आत शिरता शिरता हाक मारायची. डॅडींनी त्या दाराला कधी कडी लावली नाही.

शहराच्या सभेत ते बोलायला उठले, तेव्हा दाराबद्दलच बोलणार हे मला कळलं होतं. झडतीचं वॉरंट घेऊन आलेल्या पोलिसांनी दार न वाजवता घरात घुसावं की नाही, यावर सुनावणी होती. पलीकडच्या गल्लीत पोलिसांनी नुकतंच भलत्याच घराचं दार फोडलं होतं.

"दार वाजवलं की ड्रग्जचा माल संडासात जातो," पोलीस कॅप्टन म्हणाला. "नाहीतर आतून गोळी येते. माझीही माणसं घरी परतायला हवीत."

"आमच्या संडासात एका दमात धड पाणी पडत नाही, माल कुठला जातोय!" डॅडी म्हणाले. सभा हसली. "कॅप्टन, मला कमी ऐकू येतं. रात्री कानातली यंत्रं काढून झोपतो. पुढचं दार फोडलंत, तर मला चोरच वाटणार. बाजूचं उघडं असतं. आत या, दिवा लावा, ल्युशियस म्हणून हाक मारा. कॉफी पाजतो."

कॅप्टनही हसला. "मिस्टर हारग्रोव्ह, तुमच्याकडे आमचं काय काम?"

शेजारच्या मिस ओडेसा माझ्या कानाशी वाकल्या. "वरच्या खोलीतला तो भाडेकरू, त्याची पत्रं अजून तुमच्याच पत्त्यावर येतात ना गं?"

"तो कधीच सोडून गेला."

"ते तुला ठाऊक, मला ठाऊक. या पोलिसांना कुणी सांगितलंय?"

सभेने निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला. परतताना मी डॅडींना म्हटलं, "थोडे दिवस माझ्याकडे चला."

"आणि गल्लीतली माणसं रिकाम्या घरात कॉफी शोधत बसतील?"

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "समोर एक पांढरी गाडी उभी असते. नळवाले असतील. मी हात केला, तर काच वर घेतली. आजकाल लोकांना रीतच उरली नाही."

"डॅडी, आजच या."

"रविवारी येतो. चर्च झालं की."

शुक्रवारी पहाटे पोलिसांनी पुढचं दार फोडलं. भाडेकरूच्या नावाचं वॉरंट होतं. डॅडी काठी घेऊन उठले आणि अंधारात त्यांच्यासमोर आले. गोळी सुटली. यंत्रं उशाशी तशीच होती. ओरडून सांगितलं होतं, असं पोलीस म्हणतात, सांगितलंही असेल. बाजूच्या दाराची मूठ मात्र कुणी फिरवून पाहिली नाही.

दफन झाल्यावर मी घर आवरायला तिथेच राहिले. पुढच्या दाराच्या जागी फळ्या ठोकल्या होत्या. बाजूच्या दाराला मी नवी कडी बसवली.

दुपारी त्या दारावर थाप पडली. मी जागची हलले नाही. पुन्हा थाप.

"मी आहे गं, ओडेसा. कडी काढ, पोरी."

इतक्या वर्षांत त्यांनी हे दार कधी वाजवलं नव्हतं. मी कडी काढली. त्यांच्या हातात झाकलेलं भांडं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या डॅडींच्या काठीकडे, आणि त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.