घसा बसण्याचं कारण

बायकोचा घसा बसला म्हणून नवरा तिला कान-नाक-घशाच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन आला. ती शाळेत शिकवायची. पोरांवर ओरडून ओरडून आवाज गेला, असं त्यानेच सांगून टाकलं. तिला काही विचारलं की उत्तर तोच द्यायचा, तेही अगदी लाघवीपणाने. मध्येच तिच्या गळ्याभोवतीचा रुमाल नीट करत म्हणाला, "जपायला हवं गं."

डॉक्टरबाईंनी त्या बोटांकडे पाहिलं. त्याच्या मनगटावर ताजे ओरखडे होते. बायकोच्या डोळ्यांच्या पांढऱ्या भागात बारीक लाल ठिपके, कानामागेही तसेच. थुंकी गिळताना तिचा चेहरा पिळवटत होता. ओरडून हे होत नाही.

ऐकू येण्याची तपासणी करायची आहे, तिथे पेशंटशिवाय कुणाला सोडत नाहीत, असं ठोकून देऊन त्यांनी तिला आतल्या खोलीत नेलं. तिथला शब्द बाहेर जात नसे.

"गळा कुणी दाबला?"

"दाबला नाही. नुसता धरला होता," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "ते मारत नाहीत मला."

डोळ्यांपुढे अंधारी आली होती का, कपड्यांत लघवी झाली होती का, असं बाईंनी हळूच विचारलं.

"चादर मलाच धुवायला लावली. म्हणाले, शिसारी येते तुझी."

शिसारी त्याला आली होती! बाईंच्या तोंडात कडू पाणी जमलं. ते गिळून त्यांनी तिला समजावलं: वरून खूण नसली तरी आत रक्तवाहिनीला इजा असू शकते, सूज मागाहून वाढून श्वास अडू शकतो. आज घरी जायचं नाही. पोलिसांना बोलवू का, असं विचारल्यावर ती म्हणाली, आधी माझ्या ताईला बोलवा.

स्कॅनमध्ये मानेतली रक्तवाहिनी आतून चिरलेली निघाली. ताईचा हात धरून तिने पोलिसांना सगळं सांगितलं, अडखळत, पण स्वतःच्या तोंडाने. नवऱ्याला नेत होते तेव्हा तो भेटेल त्याला सांगत होता, मी कधी हात उगारलेला नाही.

औषधं लागू पडली. ती ताईकडे राहायला गेली, ती नवऱ्याकडे परतलीच नाही. नवऱ्याने मात्र जामिनावर सुटताच, बायकोला फितवलं म्हणून डॉक्टरबाईंची तक्रार केली. हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी बाईंना बोलावून घेतलं आणि ते म्हणाले, माणूस तसा सभ्य वाटला हो. त्यांच्याशी वाद घालायचीही बाईंना किळस वाटली. त्या उठल्या; बाहेर पेशंट खोळंबले होते.