भुंगीचं अक्षर

आमच्या मासिकात पाय जमिनीवर असलेली मुलगी चालत नाही. हा नियम माझा नव्हे, जुन्या संपादकांचा. गाण्यांचं मासिक, वाचणारी मुलं पंधरा ते वीस वर्षांची, तेव्हा मुखपृष्ठावरची मुलगी हवेत हवी, केस उडालेले हवेत आणि नजर थेट विकत घेणाऱ्याच्या डोळ्यांत. दुकानात मासिकं एकामागे एक लावतात, वरचा तिसरा हिस्साच काय तो दिसतो, म्हणून डोळे आणि मथळा तिथेच बसवायचे. फोटोग्राफर एक जुनी गादी घेऊन फिरायचा आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मुलींना तिच्यावर उड्या मारायला लावायचा. एकीचा घोटा मुरगळला, तर संपादकांनी विचारलं, "मुरगळायच्या आधीचा फोटो आहे ना?" बावीस वर्षं मी या मासिकाची पानं लावतेय. तरुण असणं म्हणजे काय, हे मी पानोपानी मांडलंय आणि स्वतः त्या गादीवर एकदासुद्धा उडी मारलेली नाही.

माझी बहीण माझ्याहून सात वर्षांनी लहान होती. दिवसभर गुणगुणायची म्हणून घरात सगळे तिला भुंगी म्हणायचे. तिच्या काळजाची झडप जन्मापासून अधू. चौदा वर्षांची झाली तेव्हा डॉक्टरांनी जिना बंद केला, आणि आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. म्हणजे जग बंद केलं म्हणा ना. ती खिडकीपाशी बसून रेडिओवरची गाणी वहीत उतरवून घ्यायची. औषधांमुळे तिचा हात थरथरायचा. आई शेजारी बसून तिचं मनगट हलकेच धरून ठेवायची आणि ती लिहायची. तरी वेलांटी संपता संपता एक बारीकशी थरथर राहायचीच.

ती सतरा वर्षांची असताना मासिकाला एक पत्र आलं. वाचकांच्या पत्रांचं पान मीच लावायचे, त्यामुळे पत्रं माझ्याच टेबलावर यायची. पाकिटावरच्या पत्त्याचं अक्षर बघितलं आणि न फोडताच कळलं, भुंगीचं. शेजारच्या काकूंकडून तिनं ते गुपचूप पेटीत टाकून घेतलं असणार. खाली नाव नव्हतं, नुसतं 'एक वाचक'.

"तुमच्या मासिकातल्या सगळ्या मुली उड्या मारतात," तिनं लिहिलं होतं. "मला जिना चढता येत नाही. पण गाणी मला त्यांच्याइतकीच आवडतात. कधीतरी बसलेली मुलगी छापा. फोटो नको असेल तर नुसतं लिहा की अशाही असतात. माझी ताई तुमच्याकडे काम करते, तिला सांगू नका. तिला वाटेल मी तिच्या कामाला नावं ठेवते."

मी ते छापलं नाही. संपादकांनी नाही म्हटलं असतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी त्यांना ते दाखवलंच नाही. त्या पानावर सगळं कसं हसतं-खेळतं असायचं, निम्मी पत्रं तर आम्हीच लिहायचो, आणि त्यात हे. शिवाय 'ताईला सांगू नका' होतंच, ते मला सोयीचं पडलं. पत्र मी खणात ठेवलं. घरी भुंगी मासिक शेवटाकडून उघडायची, कारण पत्रांचं पान शेवटी असायचं. तीन अंक तिनं तसे उघडले. मी समोर बसून चहा प्यायचे आणि भलत्याच गप्पा मारायचे. चौथा अंक तिनं पुढून उघडला. पाचवा निघायच्या आधी ती गेली.

ती गेल्यावर काही महिन्यांनी संपादकांना मथळ्यांसाठी नवं अक्षर हवं झालं. "छापखान्यातलं वाटायला नको," ते म्हणाले. "एखाद्या मुलीनं वहीत लिहिल्यासारखं. त्यांना वाटलं पाहिजे की हे आपलंच." तीन आठवडे मी नमुने काढत होते आणि संपादक एकेक बाजूला सारत होते. शेवटी मी भुंगीच्या वह्या काढल्या. पारदर्शक कागद ठेवून तिचं एकेक अक्षर गिरवलं. काही अक्षरं त्या गाण्यांमध्ये आलीच नव्हती, ती मी तिच्यासारखी काढली. संपादकांनी कागद उजेडात धरला. "ही थरथर बघा," ते म्हणाले. "हेच! काय बंडखोर वाटतं. कुणाचं आहे?"

"माझंच," मी म्हणाले.

बंडखोर! मनगट धरल्याशिवाय जिला पेन पेलत नव्हतं, ती बंडखोर ठरली. आणि मग एकोणीस वर्षं ती दर महिन्याला ओरडत राहिली. 'चला, निघूया!' 'आज नाचणारच!' 'धमाल सुट्टी!' जे ती जन्मात बोलली नसती ते सगळं मी तिच्या हातून वदवून घेतलं. अंक झपाझप खपायला लागला. मग मुली ते अक्षर घोटायला लागल्या. बसथांब्याच्या बाकावर, शाळेच्या दप्तरावर, भिंतीवर, जिथे जाईन तिथे वेलांटीच्या टोकाला तीच थरथर. धडधाकट मुली हात मुद्दाम हलवून लिहायच्या. रस्त्याच्या पलीकडच्या भिंतीवर 'मी इथे आहे' असं दिसलं की माझे पाय थांबायचे. कुणीतरी पोरीनं लिहिलंय, हे कळत होतं. पण कळून काय उपयोग? पाय आपले थांबायचे.

एकदा टपालात एक कार्ड आलं. हुबेहूब तेच अक्षर. 'माझं पत्र का छापलं नाहीत?' एवढंच. असं विचारणारी कार्डं दर महिन्याला यायची, त्यात नवल काहीच नव्हतं. मी ते कार्ड घेऊन मोरीत गेले आणि नळ सोडून बराच वेळ उभी राहिले. मग बाहेर येऊन पान लावायला बसले. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्यामागे तो लागायला मी त्याला दर महिन्याला स्वतःच्या हातानं छापून देत होते.

दोन वर्षांपूर्वी आईला विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, आणि एके दिवशी भुंगीचं जाणंच. त्या दिवशी टेबलावर नवा अंक पडलेला होता. आईनं मथळ्यावरून बोट फिरवलं. "भुंगीचं अक्षर," ती म्हणाली. "निघूया म्हणते. कुठे निघालीय गं?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "फिरायला."

"जिना उतरली?"

"उतरली. बरी आहे आता."

आईच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. मग काय, दर महिन्याची गोष्टच होऊन बसली. आई अंकाची वाट बघायची, मुखपृष्ठ वाचायची आणि भुंगीची खुशाली कळली म्हणून निवांत व्हायची. ऑफिसातल्या बैठकीत मी मथळ्यांवरून भांडायला लागले. 'तुझ्याविना' नको, 'गाणं रंगलंय' घ्या. सगळ्यांना वाटायचं, बाईला खपाची केवढी काळजी! एकदा मी आजारी असताना 'सुट्टी संपली' असा मथळा गेला, तर आई दिवसभर खिडकीत. "सुट्टी संपली म्हणजे आज येणार," ती म्हणाली, आणि जेवायला उठेना. संध्याकाळी मी तिला सांगितलं की सुट्टी वाढवून मिळाली. खोटं एकदा बोललं की त्याला रोज भरवावं लागतं.

या वर्षी जुने संपादक निवृत्त झाले आणि नवा कलाप्रमुख आला. सत्तावीस वर्षांचा, दोन्ही कानांत बाळ्या, बूट दोन वेगळ्या रंगांचे. मुलगा चांगला. मला ताई म्हणतो आणि माझं बोलणं ऐकून घेतो, म्हणजे निदान तसं दाखवतो. त्यानं मला पडद्यासमोर बसवलं. पुढच्या अंकाच्या मुखपृष्ठावर फोटो नव्हता. पानभर नुसतं भुंगीचं अक्षर. 'ऐकतेयस ना?'

"मुलांना विचारलं आम्ही," तो म्हणाला. "फोटो त्यांना खोटे वाटतात. ही थरथर खरी वाटते म्हणे. मग म्हटलं, वाढवूया." त्यानं पडद्यावरची एक कळ सरकवली. अक्षर हललं. आणखी सरकवली, आणखी हललं. "फोनवर तर सतत थरथरत राहील. बघा."

मी बघितलं. शेवटच्या महिन्यात तिचं अक्षर अगदी असंच झालं होतं. त्या मुलाला ते माहीत असायचं काही कारण नव्हतं. "बघते घरी," एवढंच मी म्हणाले आणि त्या मुखपृष्ठाचं छापलेलं प्रूफ पिशवीत टाकलं. तिथेच बोलायला हवं होतं. मोक्याच्या वेळी मूग गिळायची माझी सवय जुनी आहे.

सकाळी उठले तर आई दारात उभी. पायात चपला, एका हातात टॉवेल आणि पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात ते प्रूफ.

"तिला जास्त झालंय," आई म्हणाली. "मला हाक मारतेय. हात बघ केवढा हलतोय. औषध कुणी बदललं तिचं?"

"आई, ती बरी आहे."

"मनगट धरायला कुणी नाही तिथे. मला घेऊन चल."

"अगं, बरी आहे ती. मी सांगतेय ना."

आईनं माझ्याकडे बघितलं. त्या वेळी तिच्या नजरेत विसर नव्हता. "तू मागच्या वेळीही हेच म्हणाली होतीस," ती म्हणाली.

म्हणाले होते. भुंगीच्या शेवटच्या सकाळी आई बाहेर निघाली होती, तेव्हा मीच म्हणाले होते, बरी आहे ती, तू जा. आईला खुर्चीवर बसवलं, शेजारच्या काकूंना बोलावलं आणि ऑफिसला गेले. मी दारातून बाहेर पडताना आई काकूंना सांगत होती, "ताई गेलीय तिला आणायला."

कलाप्रमुख नुकताच आला होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं. "ते अक्षर माझं नाही. माझ्या बहिणीचं आहे. ती सतराव्या वर्षी गेली. ती थरथर बंडखोरी-बिंडखोरी काही नाही, तिला पेन धरवत नव्हतं. मी चोरलंय ते."

तो म्हणाला, "मी सातवीत असताना वहीभर घोटलं होतं हे. आई ओरडायची, हात का हलवतोस, काय होतंय तुला?" त्यानं ती कळ मागे सरकवली, अगदी शून्यापर्यंत. अक्षर सरळ झालं आणि कुणाचंच राहिलं नाही.

मी खणातून पत्र काढलं. एकोणीस वर्षांत टेबलं बदलली, खण बदलले, पत्र माझ्याबरोबर फिरत राहिलं. त्यानं ते दोनदा वाचलं. "मुखपृष्ठावर घेऊया," तो म्हणाला. "पानभर."

"नको. पत्रांच्या पानावर. तिनं तिथे पाठवलं होतं."

"नीट अक्षरात लावू?"

"कागद आहे तसा छाप. घडीसकट."

मुखपृष्ठावर त्यानं साधं छापील अक्षर घेतलं आणि एका ढोलकवालीचा फोटो. ती स्टुलावर बसलेली आहे आणि तिचे दोन्ही पाय जमिनीवर आहेत. हा अंक पडून राहील असं सगळे म्हणतात. राहू दे.

अंक निघेपर्यंतचे बारा दिवस आई रोज चपला घालून बसायची. तेराव्या दिवशी मी तिच्या हातात अंक दिला. मुखपृष्ठ तिनं नुसतं बघितलं आणि बाजूला करणार, तेवढ्यात मी शेवटचं पान उघडून समोर धरलं. ती वाचायला लागली. ओठ हलवत, हळूहळू. मध्येच थांबून एका ओळीवरच्या वेलांट्या तिनं बोटानं एकेक करून बघितल्या. मी गिरवलेल्या अक्षरात प्रत्येक वेलांटी सारखी होती. इथे एकसारख्या दोन नव्हत्या.

"हे तिचं," आई म्हणाली.

"हो."

"मी नव्हते वाटतं जवळ. मनगट न धरताच लिहिलंय." ती पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. शेवटापर्यंत आली. मग चष्मा काढून पुसला आणि मांडीवर ठेवला. "गेली ना गं ती?"

"हो, आई. फार वर्षं झाली."

"मग इतके दिवस कोण लिहीत होतं?"

भलतं काहीतरी सांगायला तोंड उघडलंच होतं. सवय आहे. "मी," मी म्हणाले.

आईनं माझा हात ओढून मांडीवर घेतला आणि मनगटाशी हलकेच धरला, भुंगीचा धरायची तसा. तेव्हा मला दिसलं की तो थरथरतोय. आईनं तो सोडला नाही.