नववी सुपारी

मित्रांनो, २०१५ साल होतं. अधिक आषाढ संपत आला होता आणि तो संपला की मला फोडायचं ठरलं होतं. नेमक्या त्याच दिवसांत मला माझा चेहरा पहिल्यांदा दिसला.

मी एक जुनी सुपारी आहे, अस्सल श्रीवर्धनी रोठा. बोर्ली पंचतनजवळच्या एका वाडीत रामजीच्या घरी मुलगी झाली, नेत्रा. तेव्हा तिच्या आत्यानं, चंदाबाईनं, विहिरीच्या पाटाशी एक पोफळ लावली. त्या पोफळीचं पहिलं फळ म्हणजे मी. आत्यानं मला उन्हात वाळवलं, सोललं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. "ही नेत्राच्या लग्नाची," ती म्हणाली. "सोयरीक जमली की हीच फोडायची." आमच्याकडे सुपारी फुटली म्हणजे लग्न ठरलं. मग शब्द मागे घेत नाहीत.

नेत्रा सहावीत असताना जयमालाबाईंनी वर्गात ग्रहमाला करायला घेतली. सूर्याला नारळ मिळाला, गुरूला कापडी चेंडू, बाकीच्यांना मातीचे गोळे. सगळ्यांत लहान, नववा प्लूटो तेवढा उरला. नेत्रानं मला देव्हाऱ्यातून उचललं आणि थेट शाळेत नेलं. मासे धरायच्या तंगुसानं बाईंनी मला आढ्याला टांगलं.

"याच महिन्यात एक यान प्लूटोकडे निघालंय," बाई म्हणाल्या. "आत माणूस नाही, नुसती यंत्रं आणि कॅमेरे. पोचायला नऊ वर्षं लागतील. आजवर मोठ्यात मोठ्या दुर्बिणीतूनही तो धूसर ठिपकाच दिसलाय."

मी ग्रह झाले होते! वारा आला की मी हळूच फिरायचे आणि मुलं माना वर करून बघायची.

पण तो मान फार टिकला नाही. त्याच वर्षी पावसाळ्यात बातमी आली, की प्लूटो आता ग्रह नाही, बटुग्रह. यान अजून वाटेतच होतं आणि ते ज्याच्याकडे निघालं होतं त्याचंच नाव ग्रहांतून पुसलं गेलं. बाईंनी तंगूस कापला.

"मग तो गेला कुठं, बाई?" नेत्रा रडवेली झाली होती.

"कुठं जाणार? आहे तिथंच आहे. यान पोचलं की फोटो दाखवीन तुला."

घरी आत्यानं मला ओळखलं. "गो चोरटे! लग्नाची सुपारी आभाळात टांगलीस व्हय?" तिनं मला पुसून पुन्हा देव्हाऱ्यात ठेवलं. पुढची वर्षं मी हळदीकुंकवाच्या डब्यामागे अंधारात काढली. ग्रह म्हणून मला कोणी विचारलं नाही.

नेत्रा बी.एस्सी. झाली. तिला मुंबईला पुढं शिकायचं होतं, पण तेवढ्यात म्हसळ्याहून चिरागचं स्थळ आलं. अधिक महिन्यात सुपारी फोडत नाहीत, म्हणून दोन्हीकडची मंडळी थांबली होती. रामजी म्हणाला, "आत्या म्हणंल तसं."  नेत्रा पाणी भरायची, भाकऱ्या थापायची आणि गप्प असायची.

त्या संध्याकाळी आत्या पडवीत बसून मला खोबरेल लावत होती. शेजारी अडकित्ता होता. नेत्राचा मोबाईल खिडकीच्या गजात अडकवला होता, कारण रेंज तेवढ्या जागीच यायची. तो वाजला आणि एक फोटो वरून खाली हळूहळू उघडू लागला.

"आला काय मुलाचा फोटो?" आत्यानं चष्मा चढवला. "अगो बाय, काळोखात काढलाय काय? तोंड तर वाटोळंच हाय! आन् केस कुठं गेले ह्याचे?"

नेत्रा हसत हसत खालीच बसली. "आत्या, हा प्लूटो हाय! जयमालाबाईंनी धाडलाय. यान पोचलं!"

आत्यानं मोबाईल माझ्याशेजारी धरला. तपकिरी गोळा, आणि त्याच्या पोटाशी पांढरंशुभ्र मोठं मैदान.

"ही तर आपली सुपारी! कड कातरून कोर काढल्यावर आतला पांढरा गर दिसतो ना, तशीच."

"सगळ्यांना वाटायचं, मेलेला जुना दगड असंल," नेत्रा म्हणाली. "पण बघ, बर्फाचे डोंगर हायत. आन् हे मैदान गुळगुळीत हाय, एकदम नवं. म्हंजे आत अजून काहीतरी चाललंय."

"मग ते यान उतरलं तिथं?"

"न्हाय. जवळनं बघितलं आन् पुढं गेलं. बोटसुद्धा लावलं न्हाय."

 आत्यानं मला अडकित्त्यात धरलं. गार लोखंड दोन्हीकडून टेकलं.

"हिच्या आत काय हाय, ते मला ठाव न्हाय," ती म्हणाली. "फोडल्याबिगर कळायचं न्हाय. आन् फोडली की सुपारी ऱ्हायची न्हाय." तिनं नेत्राकडे पाहिलं. "तुझ्या आत काय चाललंय गो? इतके दिस तोंड मिटून बसलीस ती?"

"मला मुंबईला शिकायचंय, आत्या. हेच, आभाळातलं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुझी सुपारी तयार होती ना."

"सुपारीला काय पाय फुटलेत पळायला?" आत्या म्हणाली. "ते यंत्र नऊ वरसं चाललं. तुझ्या दोन वरसांसाठी थांबले तर म्हसळेकर थांबतील, न्हायतर जातील."

तिनं मला काढून घेतलं आणि अडकित्ता रिकामाच मिटला.

म्हसळेकर थांबले नाहीत. चिरागचं लग्न दुसरीकडे झालं. बोर्लीच्या बाजारात त्याचं दुकान आहे आणि नेत्रा दिसली की तो मोकळेपणानं विचारपूस करतो. जयमालाबाई निवृत्त होऊन हरिहरेश्वरला राहतात. रामजी अजून पोफळीला पाणी लावतो. नेत्रानं पुढं आपल्या पसंतीनं लग्न केलं, तेव्हा आत्यानं बाजारातली सुपारी फोडली. आता आत्या नाही. तिचा अडकित्ता मात्र आहे. यान अजून पुढं पुढं जातंच आहे.

आणि मी? नेत्रा मुंबईहून शिकून आली आणि आता त्याच शाळेत शिकवते. तिच्या वर्गात, आठ ग्रहांपासून जरा दूर, मी पुन्हा तंगुसाला टांगलेली आहे. मित्रांनो, तुमच्याही घरात कोणीतरी गप्प बसलेलं असेल. त्याला दगड म्हणण्याआधी एकदा जवळ जाऊन बघा, विचारा. आणि वर्गाची जळमटं काढाल तेव्हा माझ्यावरून केरसुणी जरा जपून फिरवा. माझ्या आत काय आहे, ते अजून कोणालाच ठाऊक नाही.