निर्दोष इंग्रजीतला अर्ज

अर्जुनी मोरगावच्या कचेरीपुढं बसून इंग्रजी अर्ज लिहिणारा मी एकटाच, यादोराव. महिन्यापूर्वी माझा एक अर्ज गोंदियाच्या साहेबानं लाल शाईनं खुणा करून परत धाडला, आणि शिपायापासून कारकुनापर्यंत सगळे फिदीफिदी हसले. ते माझ्या जिव्हारी लागलं होतं.

सोमवारी सकाळी तलावाखालच्या वस्तीतला केवळराम धापा टाकत आला. "बाबूजी, तलावाची पाळ पाझरून राहिली जी. बोटाएवढी धार हाये. साहेबाले लिवा, पानी सोडाचा दरवाजा खोला म्हना. कुलूप आमी तोडलं तं जेलात टाकतीन."

"मग घरं रिकामी करा ना!"

"माही लेक दुलारी चार दिवसांची बाळंतीण. तापानं फणफणून राहिली. वैदू म्हनते, उचलाल तं जाईल."

मी लिहिलं, 'टँक इज लीकिंग. ओपन गेट.' आणि लगेच खोडलं. साहेबाला हुकूम सोडतो का मी? पुन्हा लाल शाई! 'आय बेग टू स्टेट' बरं, की 'आय हॅव द ऑनर टू स्टेट'? 'प्लीज' म्हणावं, की 'काइंडली'? स्टेशनमास्तर एक सांगे, पोस्टमास्तर दुसरंच. दिवस त्यातच गेला.

मंगळवारी केवळराम परत हजर. "धार मनगटाएवढी झाली. काल पाणी नितळ होतं, आज गढूळ येऊन राहिलं. आतून माती चालली जी. काऊन वेळ लावून राहिले?"

"इंग्रजी म्हणजे काय पान चघळणं वाटलं का रे तुला?" मी खेकसलो. मेल्याला काय कळतं, असं मनातही म्हणालो. आता सांगायला लाज वाटते.

बुधवारी दुपारच्या गाडीनं अर्ज गेला. दोन पानं, कुठं खाडाखोड नाही. गुरुवारी सकाळी पाळ फुटली. केवळराम माझ्याकडेच यायला निघाला होता, म्हणून वाचला. दुलारी आणि तिचं नाव न ठेवलेलं पोर घरासकट वाहून गेलं.

साहेबाचं उत्तर आठ दिवसांनी आलं. केवळराम माझ्यासमोर उकिडवा बसला. "काय लिवलन सायबानं?"

मी वाचून दाखवलं. पुढल्या महिन्यात पाहणी करू. आणि खाली, साहेबाच्या स्वतःच्या हातानं: अर्जातली इंग्रजी निर्दोष आहे.

त्यानं कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग म्हणाला, "पाळ पाझरून राहिली, दरवाजा खोला. येवढंच इंग्रजीत कसं म्हनते जी?"

सोमवारी खोडलेले तेच शब्द मी सांगितले.

तो माझ्यामागून एकेक शब्द म्हणत गेला, एकेक बोट मिटत. पाचव्या शब्दाला मूठ झाली.

"बस?" त्यानं विचारलं. "येवढंच?"