अठ्ठावीसमध्ये अख्खी भावकी

त्या आठवड्यात नौशीनच्या डोक्यात लेन्सशिवाय दुसरं काही शिरतच नव्हतं. जळोचीतल्या एका हौशी माणसाकडून तिनं सेकंडहँड मिररलेस कॅमेरा घेतला होता, तोही नुसती बॉडी, लेन्स नाही. बारामतीच्या दुकानदारानं एक नवीकोरी, मोठा घोळका मावणारी वाइड लेन्स तिच्यापुढं ठेवली आणि लग्नाची कामं करायची तर हीच घे म्हणून बजावलं. नौशीननं ती खालीवर करून बघितली, परत ठेवली, आणि शेजारचं बांगडीएवढं अ‍ॅडॅप्टर उचललं. अब्बा फिल्मच्या कॅमेऱ्यानं लग्नं टिपायचे, तेव्हाच्या त्यांच्या तीन लेन्स घरी कपाटात पडून होत्या, त्या ह्या रिंगनं कॅमेऱ्याला बसणार होत्या. एकीच्या जागी तीन मिळत असतील तर कोण सोडतंय!

घरी रिंग खटकन बसली, पण कॅमेऱ्याच्या पडद्यावर उमटलं, लेन्स लावलेली नाही. खाजाभाईंना, म्हणजे अब्बांना, ते फार लागलं. आपल्या लेन्सला लेन्सच न मानणारा हा कोण टिकोजीराव, म्हणून ते कॅमेऱ्याशीच भांडायला उठले. नौशीननं सेटिंग शोधून काढलं आणि मग काय, बाप-लेक नुसते सुटले. शेळी टिपली, पाण्याची टाकी टिपली, अम्मी लाटणं घेऊन मागं लागल्या तर तेही टिपलं. शेवटी अब्बांनी तिघींतली सगळ्यात रुंद, अठ्ठावीस एमेमची लेन्स फडक्यानं पुसून नौशीनच्या हातात दिली.

"हिच्यात अख्खी भावकी मावती," ते म्हणाले. "आजवर कुणाचा कान कापला न्हाय."

आता, ह्या कॅमेऱ्याचा सेन्सर फिल्मपेक्षा लहान, त्यामुळं जुन्या लेन्समधनं येणाऱ्या चित्राच्या कडा छाटल्या जातात, हे नौशीनला पाठ होतं. मोबाइलवर तिनं त्याचे व्हिडिओ बघून बघून झोप उडवली होती. पण आनंदात माणूस हिशोब करत नाही. अब्बांची भावकी मावत होती ती फिल्मवर, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

काम होतं निमगाव केतकीत, कॉलेजातली मैत्रीण श्रेया हिच्या लग्नाचं. हळदीलाच श्रेयानं तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "बाकीचे फोटो बिघडले तरी चालतील. मला आबा आणि तात्या एका फोटोत पाहिजेत."

आबा म्हणजे श्रेयाचे वडील दत्तोबा, तात्या म्हणजे धाकटे चुलते रावजी. कारखान्याची तोडणी टोळी आधी कुणाच्या उसात शिरली, यावरनं दोघा भावांचं बिनसलं, ते आजतागायत एकमेकांशी बोलत नव्हते. तेव्हापासून घरातल्या कुठल्याही कार्याच्या फोटोत एक भाऊ असला की दुसरा नाही. श्रेया स्वतः पत्रिका घेऊन गेली म्हणून तात्या आले होते, आणि जेवण झालं की लगेच निघणार होते.

अक्षता पडल्या आणि भावकी फोटोला उभी राहिली. ह्या फोटोत कुणी सुटलं तर तो पुढच्या दहा लग्नांत ऐकवतो, म्हणून झाडून सगळे आले. आबा एका टोकाला, तात्या दुसऱ्या टोकाला. नौशीननं अठ्ठावीस डोळ्याला लावली. दोन्ही टोकं गायब.

ती मागं सरकली. आचाऱ्याच्या कढईला वळसा घातला, आणखी मागं सरकली. कुणीतरी ओरडलं, मागं शेततळं हाय. पाठ कुंपणाच्या तारेला टेकली तरी आबांचा फेटा अर्धाच येत होता आणि तात्यांचं तर नाकही नाही. एवढ्यात तात्यांनी घड्याळ बघितलं. नौशीनला रडूच फुटायचं बाकी होतं. दुकानातली ती वाइड लेन्स आठवून तिनं स्वतःला चार शिव्या हासडल्या. मग ओरडून विचारलं, दोन फोटो काढून नंतर जोडले तर?

"जोडलेला न्हाय चालायचा," तात्या टोकावरनं म्हणाले. "वाटणी काय कमी झाली व्हय?"

पहिल्यांदाच आबांनी मान डोलावली. दोघा भावांचं एका गोष्टीवर एकमत झालंय हे भावकीच्या लक्षात आलं आणि सगळ्या माना एकदम दोन्ही टोकांकडं वळल्या. नौशीनला मात्र भलताच जोर चढला. तिनं आत्यांना खुर्च्यांवर चढवलं, जावयांना मागं ढकललं, पोरं काखेत घ्यायला लावली. सरका, अजून सरका, पोट आत घ्या. भावकी हसायला लागली, एकमेकांच्या पायावर पाय देऊ लागली. तरी दोन्ही टोकं बाहेरच. मग तिनं हात जोडले आणि म्हणाली, "आबा, तात्या, तुमी दोघं पुढं मधी खाली बसा. दुसरी जागाच न्हाय."

आबांनी फेटा चाचपला, तात्यांनी पुन्हा घड्याळ बघितलं. मग श्रेयानं शालू सावरून खालची जागा हातानं झाडली, आणि तिच्यासाठी म्हणून दोघं येऊन बसले. जागा एकाचीच होती. मांडीला मांडी घासली. हात कुठं ठेवावा ते आबांना कळेना, म्हणून त्यांनी तो धाकट्याच्या खांद्यावर टाकला आणि लगेच चटका बसल्यागत उचलायला लागले.

"ऱ्हाऊ द्या," तात्या समोर बघतच म्हणाले. "फोटू हलंल."

नौशीननं लेन्सचं कडं फिरवून फोकस धरला, दाबलं, आणि पुन्हा पुन्हा दाबत राहिली. फोटो झाला म्हणून तिनं कुणाला सांगितलंच नाही.