पहिला घोट

आमच्या खर्ड्याच्या तालमीत वस्तादांनी पहिला घोट घेतल्याशिवाय थंडाईला कोणी हात लावत नाही. वस्ताद म्हणजे माझे वडील, बिभीषण अण्णा. वय एकसष्ट, शुगर अकरा वर्षांची आणि हट्ट जन्मापासूनचा.

मी पंकजा, जामखेडच्या लॅबमध्ये रक्त तपासते. गावातल्या निम्म्या लोकांचं रक्त माझ्या हातून गेलंय, पण अण्णांचं घ्यायला सहा महिने विनवण्या कराव्या लागल्या. परवा रिपोर्ट आला. किडनीचं काम निम्म्यावर. डॉक्टरांनी विचारलं, "कसली पावडर वगैरे घेतात का?" मी छातीठोकपणे नाही म्हणाले. कपाळ माझं!

घरी आल्यावर कळलं. वैजनाथ, अण्णांचा लाडका पठ्ठा, पुण्याहून क्रिएटिनचा, म्हणजे व्यायामवाले ताकदीसाठी घेतात त्या पावडरीचा, डबा घेऊन आला होता. दीड महिना तो थंडाईच्या कळशीत ती पावडर ढवळत होता, आणि पहिला घोट, म्हणजे चांगला तांब्याभर, अण्णांच्या पोटात जात होता.

"त्यात साखर कुठं हाय?" अण्णा म्हणाले. "च्या सोडला, पेढा सोडला. आता थंडाई बी सोडू? पोरं म्हनतील, म्हातारा भ्याला."

हा माणूस फक्त गोडाला घाबरतो. तासभर समजावलं, पालथ्या घड्यावर पाणी.

सकाळी मी तालमीत शिरले. नववीत असताना पहिल्यांदा ह्या लाल मातीत उतरले, तेव्हा पोरीची जात तालमीत कशाला म्हणून गावानं बोंब मारली होती. अण्णांनी सगळ्यांना सुनावलं होतं, "माझी तालीम हाय. रीत बी मीच ठरवनार." ते वाक्य मी तेरा वर्षं जपून ठेवलंय.

अण्णांनी तांब्या उचलला. मी त्यांचं मनगट धरलं. सोळा पोरं बघत होती.

"वैजनाथ, डब्यावर काय लिवलंय ते मराठीत सांग."

तो अडखळत वाचू लागला. "अठराच्या आतल्यांनी घ्यायचं न्हाई... किडनीचा तरास असंल तर न्हाई... शुगर, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला इचारून."

"आधी वाचलं न्हवतंस?"

"वाचलं हुतं ताई. माझ्यासाठी न्हाई म्हनून सोडून दिलं."

"तुला चालतंय. तू चोवीसचा, धडधाकट. मापात घे, पानी भरपूर पी. पर ह्या कळशीतनं कोन कोन पितंय? गोरक्षनाथ चौदाचा हाय. आन अण्णा, तुमची किडनी शुगरनं आधीच पोखरलीय, तिच्यावर अजून वझं कशाला? ही पावडर पोटात असली की रिपोर्टचा आकडा बी फुगतो. मग खरं दुखनं किती, ते डॉक्टरला कळनार कसं?"

"हात सोड," अण्णा गुरगुरले. "पोरांम्होरं माझी शोभा करतीस?"

"करते. उद्या डायलिसिसच्या खाटंवर पडून आब राखनार हाय का?"

"पयला घोट वस्तादाचा. रीत हाय ती."

मी तांब्या हिसकावला आणि तिथंच उभ्या उभ्या रिकामा केला. थंडाई हनुवटीवरून गळ्यावर ओघळली.

"घेतला वस्तादानं. आता काय म्हननं हाय?"

"तू वस्ताद?"

"माझी तालीम हाय, रीत बी मीच ठरवनार. कुनी शिकवलं हे मला?"

अण्णांचा चेहरा लालबुंद झाला. वाटलं, आता थोबाडीत बसणार. बसली असती तरी मी हटले नसते. माराची भीती नव्हतीच. उद्या हा माणूस माझ्यावर ओरडायला उरला नाही तर काय, ह्याची होती.

अण्णा कोपऱ्यातल्या माठाकडे गेले, पेलाभर पाणी घेतलं आणि सावकाश प्याले. मग पोरांवर खेकसले, "बघता काय? वस्तादानं घोट घेतला न्हाई का? बारकी पोरं मागं सरा, तुमचं दूध उद्यापासनं येगळं. बाकीचे प्या."

आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पंकजा, रोज टायमावर येत जा. पोरं तुझ्यासाठी खोळंबायची न्हाईत."